आरतीची वायर

दिनानाथ साहेबांचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक, न अडकता धडाधड चालू लागला, तेव्हा कुठे निकेशने कुंपणाच्या बांबूवरची मूठ सोडली.

मागच्या खेपेला रोह्याच्या या कंपनीची मंडळी त्याच्या पेंटबॉलच्या मैदानावर आली, तेव्हा दमट हवेने मार्करवरच्या डब्यात गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. साहेब मार्कर उलटासुलटा हलवत राहिले आणि त्यांच्याच खात्याच्या लोकांनी त्यांना डोक्यापासून बुटापर्यंत रंगवून काढलं. एवढी एकजूट त्या खात्याने कामात कधी दाखवली नव्हती. "आणखी एकदा बघू," एवढंच बोलून साहेब गाडीत बसले होते. ते एकदा म्हणजे आज. नाही जमलं, तर मैदान मोडून निकेशला पुन्हा डोलवीच्या स्टील कारखान्यात शिफ्ट धरावी लागणार होती.

म्हणून त्याने प्रत्येक डब्यात मोटर बसवली होती. खालच्या नळीत गोळी नसली की सेन्सरला कळतं, मोटर फिरते, रबरी पातं गोळ्या ढवळतं, पुढची गोळी खाली येते. मोटरी जोहे गावच्या कान्हूकाकाच्या मूर्तींच्या कारखान्यातल्या, गणपतीच्या डोक्यामागचं चक्र फिरवणाऱ्या. चक्र फिरलं की त्याच सर्किटवर आरतीची धून वाजते.

"मोटरी ने," काका म्हणाला होता, "पन आरतीची वायर कापू नको हां. देवाचं हाय."

निकेशने वायर कापली नव्हती. स्पीकरवर स्पंज दाबून वरून चिकटपट्टी गुंडाळली होती.

साहेब टायरांच्या ढिगामागे पालथे पडून गोळ्या सोडत होते. इतक्या वेळा ट्रिगर ओढायची संधी त्यांना ऑफिसातही मिळत नसावी. सोडता सोडता गोळ्या संपल्या. नळी रिकामी, म्हणून मोटर फिरू लागली. डबाही रिकामा, म्हणून ती थांबेना. हिसक्यांनी स्पीकरवरची पट्टी सुटली, स्पंज गळून पडला.

आरती सुरू झाली.

अकाउंट्सची नमिता ढिगाला वळसा घालून अगदी समोर आली होती, नेम धरून. तिचा मार्कर आपोआप खाली गेला.

"मॅडम, मारा ना," स्टोअरचा पोपट मागून कुजबुजला. "समोर हायत."

"आरती चालू आहे. संपली की मारते."

"ती संपंल असं वाटत नाय."

तोवर कोणीतरी बूट काढले. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. "मास्क काढू नका," निकेश कुंपणावरून सांगत राहिला, पण त्याचेही हात जोडलेलेच होते. साहेब हळूहळू उठले. मार्कर छातीशी उभा धरून चालू लागले. दोन्ही बाजूंना लोक सरकले, वाट झाली.

ते गेटाशी पोचले, तेव्हा त्यांच्या अंगावर रंगाचा एक ठिपका नव्हता. निकेश लगबगीने पुढे झाला.

"साहेब, त्याचं काय हाय ना..."

"दर महिन्याला येऊ," साहेब म्हणाले. "मला हाच ठेवा." मग मागे एकदा बघून त्यांनी आवाज उतरवला. "बाकीच्यांमधल्या वायरी तेवढ्या कापून टाका."

"व्हय साहेब."

साहेबांची गाडी वळणाआड जाईपर्यंत निकेश उभा राहिला. मग खाली बसला आणि बाकीच्या मार्करांच्या स्पीकरांवर चिकटपट्टीचा आणखी एकेक वेढा देऊ लागला.