निराधाराची चौकशी

तलाठी चौकशीला आला आणि भागीरथाबाईंनी त्याच्यापुढेही ताट मांडलं, तिथंच तानबाने कपाळाला हात लावला.

सिंदी मेघेतल्या बाईंच्या खानावळीच्या मागच्या खोलीत तानबा राहायचा. सरकारच्या निराधार योजनेचा पगार आला की तो तसाच बाईंच्या हातावर ठेवायचा. तो पगार तीन महिन्यांपासून बंद होता. म्हाताऱ्याला सांभाळणारं माणूस आहे, असं कुण्या भल्या माणसाने तहसिलीत कळवलं होतं. आज ते खोटं ठरलं नाही, तर पगार कायमचा गेला.

सकाळपासून त्याने बाईंना दहादा पढवलं होतं, “एवढंच म्हना, तानबाले कोनी नाई.” बाई कणीक मळत राहिल्या. त्यांच्या तोंडून ते वाक्य एकदाही निघालं नव्हतं.

“पैसे थकले की जेवण बंद करता ना?” तलाठ्याने विचारलं.

“बंद काऊन करीन?” बाई ठसक्यात म्हणाल्या. “भागीरथाच्या घरून मानूस उपाशी जाईन काय?”

“मग सांभाळणारं माणूस तुम्हीच की!” त्याने पेन उघडलं.

झाली का पंचाईत! तानबाने ताट बाजूला ढकललं. “सांभाळते कायची, सायेब! भाकर मोजून देते. भाजी म्हनजे नुसतं पानी!”

“पानी?” बाईंनी पदर खोचला. “दात नाई म्हनून भाकर दुधात कुस्करून कोन देते? चष्मा कोनी आनून देल्ला? दवाखान्यात दोन दिवस कोन बसलतं?”

बाई एकेक उपकार काढत गेल्या, आणि पगार तानबापासून एकेक पाऊल लांब गेला. तो डोळ्यांनी खुणा करत होता, पण अन्नाला नावं ठेवल्यावर बाई कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्या नव्हत्या.

तलाठी पोट धरून हसला. “आजोबा, असं भांडण माझ्या घरी होतं. परक्यांत नाही होत.”

तानबाने मान खाली घातली, ताट पुन्हा पुढे ओढलं आणि जेवू लागला. हरलेल्या माणसाने आणखी काय करावं? दात नसलेल्या तोंडात भाकर नुसतीच फिरत होती. ते पाहून बाई तव्याकडे वळल्या.

तलाठ्यालाही वाईट वाटलं असावं. “बाई, कागदावर रक्ताचं नातं विचारलंय,” तो म्हणाला. “यांचं कोणी आहे का, ते तुम्ही सांगा. मी लिहून मोठ्याने वाचून दाखवतो, मग सही करा.”

बाईंनी तानबाच्या ताटात गरम भाकर टाकली. मग तलाठ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या,

“लिहा सायेब, तानबाभाऊले कोनी नाई. पन मोठ्यानं वाचू नोका. ते जेवून राह्यले.”