पान चौदा, ओळ नऊ

"बोललात ते बोललात, पण 'निम्म्या'?" साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निम्म्या कुठून आणलंत तुम्ही?"

दशांशराव मान खाली घालून उभे राहिले.

परिवहन खात्यात आकडेवारीचे उपसंचालक असलेल्या या गृहस्थांना सगळं ऑफिस दशांशराव म्हणायचं, आणि ते काही उगाच नाही. मुलगी केवढी झाली असं कोणी विचारलं, तर साडेसहा म्हणून मोकळं होणं त्यांना जमत नसे; सहा वर्षं, पाच महिने. 'अंदाजे' या शब्दाशी त्यांचं सात जन्मांचं वैर. अशा माणसाने संसदेच्या समितीपुढे, भरल्या खोलीत, जिभेला हाड नसल्यासारखं बोलून बसावं?

पण बसले होते खरे. समिती सरकारच्या हवामान धोरणाची झाडाझडती घेत होती. खात्याने लेखी कळवलं होतं की विजेच्या नऊशे बस घेतल्या, त्यामुळे शहरांतला धूर अमुक इतका घटला. अध्यक्षबाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि साधाच प्रश्न विचारला, "हा हिशेब सगळ्या बस रोज धावतात असं धरून केलाय. धावतात का?"

साहेब खात्याचे सचिव, उत्तर त्यांनी द्यायचं. ते फाइल चाळू लागले. एक पान, दुसरं पान, पुन्हा पहिलं. शेवटी न राहवून मागच्या खुर्चीवरून दशांशराव बोलून गेले, "नाही, महोदया. पुरेसे चार्जरच आलेले नाहीत. निम्म्या बस डेपोत उभ्या असतात."

झालं. शब्दशः नोंद घेणाऱ्याची बोटं एकदाही अडखळली नाहीत.

तेव्हापासून दशांशराव ताटात नुसता भात चिवडत होते. काल जेवताना बायको म्हणाली, "अहो, ताटात काय शोधताय?"

"संसदेच्या नोंदीत चुकीचं गेलं गं. माझ्या नावावर. कायमचं."

"म्हणजे संचालकपद गेलं म्हणायचं?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"आणि आज मी शाळेतून येताना पाऊण तास बसथांब्यावर उभी होते. तेही घाला तुमच्या नोंदीत."

"पाऊण म्हणजे नेमकी किती मिनिटं?"

तिने पळी आपटली.

आता साहेबांनी खण उघडून एक पाकीट पुढे सरकवलं. "अजून वेळ गेलेली नाही. ही तुमच्या साक्षीची प्रत. पान चौदा, ओळ नऊ. 'निम्म्या' खोडा, 'काही' लिहा. 'काही' म्हणजे दोनही होतात आणि दोनशेही. कोणाच्या बापाला सापडणार नाही."

दशांशरावांनी मान वर केली. "शब्द बदलता येतो?"

"येतो म्हणजे? नियमच आहे तसा. वाक्य गाळता येत नाही, पण चुकीचा शब्द सुधारता येतो. साक्षीदाराने स्वतः तपासायचं, सही करायची, बंद पाकिटात समितीच्या कचेरीत नेऊन द्यायचं. मलासुद्धा बघता येत नाही. आज शेवटचा दिवस आहे."

दशांशरावांच्या डोक्यावरून मणाचं ओझं उतरलं. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "साहेब, वाचवलंत. त्या एका शब्दाने जीव नकोसा केला होता."

"कळतंय मला," साहेब मऊ झाले. "माणूस आहे, एखादा शब्द निसटतो. बढत्यांची यादी सोमवारी निघतेय आणि तुमचं नाव पहिलं आहे. ते तिथंच राहू दे. नाहीतर पेन्शनीपर्यंत याच टेबलावर बसाल."

जागेवर येऊन दशांशरावांनी पान चौदा काढलं. मग काय वाटलं कोण जाणे, फोन जवळ ओढून त्यांनी एकेका डेपोला गाठायला सुरुवात केली. आठही डेपो झाले. जेवायला निघालेले साहेब दारात थबकले आणि हसू दाबत म्हणाले, "अहो, 'काही' लिहायलासुद्धा मोजदाद?"

"सवय आहे, साहेब."

"जित्याची खोड!" म्हणत साहेब गेले. आठवड्यात पहिल्यांदा ते पोटभर जेवले असावेत.

दशांशरावांनी लिहिलं, सही केली, पाकीट चिकटवलं. घरी फोन लावला. "दुरुस्त केलं गं सगळं. आज झोप लागेल मला."

"सुटलो बाई!" बायको म्हणाली. "मग साहेबिणीचा तोरा दाखवायला लागू ना मी?"

"तू आधी जेवून घे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खरोखर हलका झाला होता.

समितीची कचेरी रस्त्यापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टची वाट न बघता ते जिने चढून गेले. खिडकीतल्या बाईंनी पाकीट फोडलं, नोंदवही उघडली आणि शिक्का हातात धरला.

"वाचून दाखवते. बरोबर असेल तर हो म्हणा, की लगेच शिक्का मारते. मग मात्र बदल नाही."

"वाचा," दशांशराव म्हणाले. त्यांना अगदी मोकळं मोकळं वाटत होतं.

बाईंनी कागद उजेडात धरला. "पान चौदा, ओळ नऊ. 'निम्म्या बस डेपोत उभ्या असतात' हे विधान चुकीचे आहे. 'निम्म्या' या शब्दाऐवजी 'नऊशेपैकी सहाशे बारा' असे वाचावे. डेपोवार तक्ता सोबत जोडला आहे."

"हो," दशांशराव म्हणाले.