स्वयंपाक्याला बुडवा

हे मी लिहिणारच नव्हतो, पण पोटात राहीना.

एका शिंप्याने जादुई समुद्रसफरीची तीन भागांची कादंबरी लिहायला घेतली. पहिला भाग लोकांनी मोबाइलवर धडाधड वाचला, दुसऱ्यावर मात्र टीका करत तुटून पडले. त्यात सगळ्यात पुढे त्याचाच जिवलग मित्र, इलेक्ट्रिशियन. पठ्ठ्या तोंडावर "झकास!" म्हणाला आणि खोट्या नावाने मत टाकून मोकळा झाला: "जहाज बंदरातून हलेल तर शपथ! आणि तो स्वयंपाकी! कुणी विचारलं नसताना सगळ्यांना अक्कल शिकवतो. तिसऱ्या भागात आधी त्याला बुडवा."

मताला भराभर अंगठे मिळाले. गडी खूश.

दुसऱ्या दिवशी तो शिंप्याच्या दुकानात शिडीवर चढून पंखा दुरुस्त करत होता. शिंप्याने मशीन थांबवलं.

"ऐक ना, हा एक वाचक बरोबर बोलतोय. बुडवतोच त्या स्वयंपाक्याला."

"बुडव की! मी तर म्हणतो, शार्कच्या तोंडी दे. आणि ते कापड आडवं काय धरलंयस? उभं धर."

शिंप्याने मुकाट्याने कापड उभं धरलं. "जिवावर आलंय रे. अख्ख्या पुस्तकात तेवढा एकच माणूस मी तुझ्यावरून घेतलाय."

पाना हातातून निसटून खाली पडला.




"लगेच नको रे बुडवू! संध्याकाळपर्यंत त्याच्या बाजूने वीस वाचक उभे करतो, माझा शब्द!"