खाजेचा नवस

ताक घुसळायच्या रवीनं वहिनी पाठ खाजवत होती. अंगावर ना पुरळ, ना गांध, नुसती खाज. आईनं निदान केलं, "कुलदेवीचा कोप आहे. मंगळवार धर."

मंगळवारच्या उपासानं खाज वाढली, म्हणून शुक्रवार धरला. शुक्रवारानं आणखी वाढली, म्हणून शनिवार. वहिनीचे जेवायचे वार चारच उरले.

शेवटी दादानं तिला डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "लोह कमी, बी-ट्वेल्व्ह कमी. बाई, तुम्ही जेवता कधी?"

उपास बंद झाले, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खाज गेली. वहिनी निवांत जेवायला बसली.

आईनं देव्हाऱ्यापुढे हात जोडले. "पावलीस गं माये! मी बोललेच होते, सुनेची खाज जाऊ दे, ती एकवीस मंगळवार पाणीसुद्धा न घेता करील."

वहिनीनं घास ताटात ठेवला आणि मान खाजवायला लागली. "अजून खाजतंय हो, आई."

"अगं बाई!" आई कळवळली. "मग सोडलेले तिन्ही वार परत सुरू कर. आणि गुरुवारही धर."

त्या दिवशी मंगळवारच होता. वहिनीच्या ताटातली पोळी मी घेतली. वाया कशाला घालवायची?