नानकटाईचा वास

घर बघायला आलेल्या माणसांना रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं? म्हणून मी ओव्हनमधून नानकटाईचा ट्रे काढला आणि त्या लंडनच्या जोडप्यापुढे धरला. इंग्लंडमधल्या या लहानशा गावात, या घरात आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहत होतो. मालक ते विकायला निघाला होता, आणि आम्हीही बोली लावली होती.

बाईंनी डोळे मिटून वेलचीचा वास घेतला. "आत शिरल्याबरोबर आपलंच घर वाटतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. त्यांनी आमच्यापेक्षा चाळीस हजार पौंड जास्त देऊ केले होते.

"सुके बोंबील भाजायचेस ना!" माझा नवरा दिगंबर खेकसला. "गिऱ्हाईक दारातूनच पळालं असतं. पण तुला पाहुण्यांचा भारी पुळका!"

आम्ही गावाबाहेर, एका गॅरेजवरच्या दोन खोल्यांत आलो. ते घर मात्र सहा महिने बंदच होतं. त्या दोघांना ते फक्त सुट्टीपुरतं हवं होतं.

काल बाईंचा मेसेज आला. "शनिवारी येतोय. घर कुबट झालं असेल. आदल्या दिवशी झाडून-पुसून तुमची ती बिस्किटं भाजून ठेवाल का?"

मी तो दिगंबरला तणतणत वाचून दाखवला. वाटलं, आता हा बोंबलांची पिशवीच काढून हातात देणार.

त्याने फोन घेऊन मेसेज पुन्हा एकदा वाचला.

"तासाचे किती देणार," तो म्हणाला, "तेवढं आधी विचारून घे."