नोराचं टोपडं

डेक्लनच्या लग्नाच्या सकाळी त्याच्या आईनं, मॉरीननं, होणाऱ्या सुनेच्या हातात बाळाचं पांढरं टोपडं ठेवलं. उत्तर आयर्लंडमधल्या त्यांच्या गावची रीतच होती. आईच्या लग्नातल्या रुमालाला दोन टाके घालून लेकीच्या बाप्तिस्म्याचं टोपडं करायचं, आणि ती लग्नाला उभी राहिली की टाके उसवून पुन्हा रुमाल.

"पण हे कुणाचं?" ऋजुतानं विचारलं.

"नोराचं. डेक्लनची थोरली बहीण. चार वर्षांची होती, तळ्यात बुडून गेली." मॉरीननं कात्री पुढे केली. "आज तिच्या वतीनं तू हातात धर. तेवढंच माझ्या मनाला बरं वाटेल."

ऋजुताला नाही म्हणवेना. तिनं टाके कापले. चर्चमध्ये फुलांबरोबर तो रुमालही धरला. शेवटपर्यंत तो ओलसर लागत होता. हाताला घाम आला असेल, असं तिला वाटलं.

संध्याकाळी बर्मिंगहॅमला आपल्या घरी जायला बोट गाठायची होती. डेक्लन गाडीत सॅटनॅव्हवर रस्ता लावत बसला होता. ऋजुतानं रुमालाची घडी करून परत दिली.

"अगं, मला कशाला?" मॉरीन हसली. "आज लग्न झालं तिचं. लग्न झालेली लेक आईकडे राहते का?"

मग तिनं दाराशी वर्षानुवर्षं पुसून ठेवलेले छोटे लाल गमबूट उचलले आणि गाडीच्या मागच्या सीटपाशी नीट जोडून ठेवले.

"पॅसेजमधला दिवा चालू ठेवत जा हं. अंधाराला फार घाबरते ती."