मॅरनच्या नावावरचं पहिलं बिल

"आली! अगं मॅरन, आली एकदाची तुझी मंजुरी!" रिसेप्शनवरची डार्ला ओरडतच आत आली.

तरुण डॉक्टर मॅरनला आनंदानं रडूच फुटलं. विमा कंपनीच्या मान्य डॉक्टरांच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून हिवाळाभर तिनं तपासलेल्या पेशंटांची बिलं म्हाताऱ्या डॉक्टर हॅल्डेनच्या नावानं गेली होती. 'हे बरोबर नाही,' असं तिनं सुरुवातीला म्हणून पाहिलं होतं. "पोरी, कंपनीची वाट बघत बसलो तर गाव मरेल की! नाव माझं आहे ना, मग तुला कसली भीती?" ते हसले होते. लहानपणी तिचा मोडलेला हात याच माणसानं बसवला होता. तिनं मान डोलावली होती.

आता हॅल्डेननी स्वतः चेरीचा केक कापला आणि सगळ्यात मोठा तुकडा तिला दिला. "मंजुरी एक तारखेपासून लागू आहे बरं का. त्या तारखेपासूनची बिलं तुझ्या नावानं सुरूसुद्धा केली मी."

फोन वाजला. ऐकता ऐकता डार्लाचा चेहरा उतरला.

"ओर्विल टटलचा मुलगा आहे. ओर्विलला अर्धांगाचा झटका आलाय, वाचाच गेलीय. शुक्रवारी चक्कर येते म्हणून इथे आला होता, त्याला तपासून घरी कुणी पाठवलं, विचारतोय. वकील शेजारीच बसलाय."

मॅरननं हॅल्डेनकडे पाहिलं. शुक्रवारी पलीकडच्या खोलीतून त्यांचंच हसणं तिला ऐकू आलं होतं. "बिअर कमी कर ओर्विल, चक्कर पळून जाईल!"

"बिलावर मॅरनचं नाव आहे," हॅल्डेन म्हणाले.

"अहो, काय बोलताय! मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही!"

ते जवळ आले. आवाज अगदी मायेचा होता. "हे बिल खोटं म्हणालीस तर हिवाळ्यातली सगळीच खोटी ठरतील. त्या पेशंटांच्या कागदांवर अक्षर तुझं आहे, पोरी. इतके दिवस माझं नाव वापरलंस. एकदा मी तुझं वापरलं, तर बिघडलं कुठे?"

ज्या हातांनी मॅरनचं हाड जोडलं, तेच हात आता शांतपणे काटा-चमचा पुसत होते. तिनं बशी खाली ठेवली आणि डार्लाच्या हातातून फोन घेतला.

"मी डॉक्टर मॅरन. वकिलांना द्या. आणि त्यांना म्हणावं, भरपूर कागद घेऊन बसा. मी हिवाळ्यातल्या पहिल्या पेशंटपासून सांगणार आहे."